शब्दन् शब्द

आईने खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली, तसे बाबांनी दोन्ही हात हवेत उडवले. "आता काय आत जाऊन बसतेस?"

"माझी लेक नीट दिसायला हवी," आईचे हात म्हणाले. "महापौर नाही दिसले तरी चालेल."

दोघंही जन्मापासून बहिरी. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची, बाबा सुतार. आणि आज अख्ख्या शहरासमोर, महापौरांच्या शेजारी त्यांची एकुलती एक लेक उभी राहणार होती, महापौर बोलतील ते खुणांच्या भाषेत सांगायला. सहा वर्षं ती हेच काम करत होती. तरी प्रत्येक वेळी आई ठेवणीतले कपडे घालूनच टीव्हीसमोर बसायची. "ती काय तुला बघणार आहे?" असं बाबा दर वेळी विचारायचे, आणि स्वतः मात्र दाढी करून बसायचे.

आजचं भाषण पाण्याबद्दल होतं. तीन दिवस नळाच्या पाण्याला कुबट वास येत होता. समोरच्या इमारतीतली दोन मुलं दवाखान्यात होती. काय ते महापौर आज सांगणार होते.

"हा माणूस आणि खरं बोलणार?" बाबांनी तोंड वाकडं केलं. "नवा पूल पक्का आहे म्हणाला होता. बावीस दिवसांत खचला."

"तो काहीही बोलो. आपली पोरगी सांगेल ते जसंच्या तसं असेल."

याबद्दल आईला तिळमात्र शंका नव्हती. लेक सात वर्षांची असताना एका दुकानदाराने त्यांना काहीतरी सुनावलं होतं. पोरीने हातांनी सांगितलं, 'काका म्हणतात, पुन्हा या.' पण त्याचा चेहरा एक सांगत होता आणि पोरीचे हात दुसरंच. घरी आल्यावर आईने तिला समोर बसवलं. "वाईट असलं तरी बोलतील तेच सांगायचं. शब्दन् शब्द. आमचे कान तू आहेस. कानच खोटं बोलायला लागले तर आम्ही कुणावर भरवसा ठेवायचा?" पोरगी ढसाढसा रडली. पण त्यानंतर कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. कोर्टात, इस्पितळात, सभागृहात, तिच्या चोख कामाचं नाव होतं.

काल संध्याकाळी ती भाषणाच्या तयारीसाठी महापौरांच्या कचेरीत गेली होती. परतल्यावर जेवलीही नाही. एवढंच म्हणाली, "उद्या माझ्या हातांकडे नीट बघा. आपल्या मंडळातल्या सगळ्यांना निरोप द्या. एकही घर सुटता कामा नये."

आईला हसू आलं होतं. लेकीलाही कौतुक हवंसं वाटतं तर! तिने मंडळातल्या एकूण एक बहिऱ्या कुटुंबाला मोबाइलवर निरोप धाडला.

पडद्यावर महापौर आले. त्यांच्या झुबकेदार मिशांखालचे ओठ आईला कधी वाचता आले नव्हते. तिने नजर लेकीवर खिळवली.

हात उठले. 'नळाचं पाणी पिऊ नका. त्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळलंय.'

बाबा ताठ बसले.

'उकळूनही उपयोग नाही. मुलांना एक थेंबही देऊ नका. आठ दिवसांपूर्वी तपासणीचा अहवाल आला होता. तो दाबून ठेवला गेला.'

"कबूल केलं!" बाबांचे हात भराभर चालले. "अगं, गड्याने सगळ्यांसमोर कबूल केलं!"

आईचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या खुर्चीवरचा माणूस आपली चूक सांगतो आणि ती आपल्या लेकीच्या हातून घराघरात पोचते, याहून मोठं काय असतं? महापौर बोलता बोलता हसतही होते. मनावरचं ओझं उतरलं असेल, आईला वाटलं. मग त्यांनी समोरचा ग्लास उचलून घटाघटा रिकामा केला. घशाला कोरड पडणारच. असं बोलणं सोपं असतं होय?

'हे पाणी बाटलीतलं आहे,' लेकीचे हात म्हणाले.

"बघा, तेही लपवलं नाही!" आईने बाबांना कोपराने ढोसलं.

महापौरांचं तोंड मिटलं तरी लेकीचे हात चालूच होते. 'वेळ घालवू नका. सगळ्यांना सांगा.' लांब वाक्यांना हात थोडे मागे राहतातच. मग चित्र एकदम बदललं आणि साबणाची जाहिरात लागली.

आईने उठून माठातलं पाणी मोरीत ओतून दिलं. मोबाइल थरथरायला लागला होता. 'आम्हीही पाणी ओतलं.' 'तुमच्या लेकीचे हात आज केवढे सुंदर बोलले!' 'पोरीची दृष्ट काढा.' एकेक निरोप वाचताना तिची मान उंच होत गेली. बाबा तर शर्टाची कॉलर नीट करत खोलीत येरझाऱ्या घालत होते.

पुसलेला माठ पालथा घालताना तिची नजर खिडकीतून खाली गेली. तळमजल्यावरचा बेकरीवाला अंगणातल्या नळावर कळशी भरत होता. त्याच्यामागे शेजारपाजारची मुलं बाटल्या घेऊन रांगेत उभी होती.

बिचारा भट्टीपाशी असणार, भाषण हुकलं असेल. आई धावत जिने उतरली. तिने नळ करकचून बंद केला आणि हात जोरजोरात हलवून नाही, नाही म्हणाली.

बेकरीवाला हसला. कानामागची पेन्सिल काढून त्याने पावाच्या पिशवीवर लिहिलं, आणि पिशवी तिच्यासमोर धरली.

'वहिनी, कशाला घाबरता? आत्ताच मी टीव्हीवर माझ्या कानांनी ऐकलं. महापौर म्हणाले, पाणी एकदम शुद्ध आहे, बिनधास्त प्या.'