बारा चुकांचा परवाना

"चुका करायची परवानगी तुम्ही माणसं बघून वाटलीत, साहेब. आणि ज्यानं मागितली नाही, त्यालाच चोर ठरवलंत."

धाकटा हे उभ्यानं बोलला, कारण टेबलासमोरच्या एकुलत्या एका खुर्चीत त्याचा थोरला भाऊ बसला होता. साहेबानंच बसवला होता. "या दादा, बसा," म्हणून पंखासुद्धा त्याच्याकडे वळवला होता. धाकट्याच्या वाट्याला नुसतं "हं, बोला."

मासेमारीचे परवाने देणारं कार्यालय, सकाळचे अकरा. टेबलावर धाकट्यानं स्वतःच्या हातानं लिहून आणलेला कागद पडला होता. काल माझ्या जाळ्यात एक कासव अडकले. जाळे कापून काढले. दीड तास अंग ओले ठेवले. वाचले नाही.

"माणसं बघून नाही, अर्ज बघून." साहेब शांत होता. त्याचं कुठं काय अडलं होतं? त्यानं धाकट्याचा जुना अर्ज काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. संरक्षित प्राणी चुकून जाळ्यात सापडण्याची वर्षभरातली अपेक्षित संख्या. पुढं धाकट्याचं ठसठशीत अक्षर: एकही नाही. खाली रेघही मारली होती.

"दादांनी बारा लिहिली, बारा मंजूर झाली. तुम्ही एकही नाही लिहिलंत, तेही मंजूर झालं. आता एक सापडलं, म्हणजे मर्यादा ओलांडली. परवाना रद्द. मी तरी काय करू?"

"मला वाटलं, तिथं शब्द द्यायचाय. मारणार नाही म्हणून."

थोरला हसला. कुत्सित हसला असता तर परवडलं असतं, पण तो मायेनं हसला. "हा असाच आहे, साहेब. किती पाहुणे येणार विचारलं, तर कोणी येऊच नये म्हणून सांगेल." मग धाकट्याकडे वळला. "अरे, मेलेलं कासव पाण्यात सोडून द्यायचं. इथवर वरात कशाला काढलीस?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागला. त्याला अशा वेळी ऐकू येत नसे.

"तुला कोणी बोलावलं?" धाकट्यानं विचारलं.

"तुझ्या बायकोनं. रडत होती फोनवर. बोट धक्क्यालाच बांधून राहिली तर खायचं काय, म्हणाली."

रडायलासुद्धा तिला दादाच सापडला.

थोरल्याचा परवाना टेबलावर होता, प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला. त्यावर बारा चौकोन. सातांवर शिक्के, पाच कोरे. धाकट्याची नजर तिथून हलेना. पाण्याखाली गवत आहे त्या पट्ट्यात मासळी दाट असते, आणि कासवंही तिथंच चरायला येतात, हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. धाकट्यानं वर्षभर तिकडं जाळं टाकलं नाही. थोरल्याची बोट मासळीनं जड होऊन खोल बसलेली यायची, आणि हा आपली हलकी बोट बाजूला घेऊन तिला वाट द्यायचा. कालचं कासव त्या पट्ट्यापासून कितीतरी लांब सापडलं होतं. नशीबही बघा, मंजुरी बघून वागतं.

"साहेब, एक करा," थोरला म्हणाला. "ते कासव माझ्यात टाका. माझी पाच शिल्लक आहेत."

साहेबाचा चेहरा उजळला. "हे झकास. कासव दादांच्या जाळ्यात सापडलं, आपण गैरसमजानं कागद दिला, एवढं लिहून द्या. विषय संपला."

"घे रे. भावाभावात काय मोजायचं?" पाकिटातली सिगारेट पुढं करावी, तसा थोरला बोलला.

धाकटा आजवर दादाच्या मोठ्या बोटीवर जळला होता. नव्या इंजिनावर, जाईल तिथं मिळणाऱ्या खुर्चीवर जळला होता. ते सगळं त्या घटकेला फिकं पडलं. त्याला ते पाच चौकोन हवे होते. पाच कशाला, बाराही हवे होते. आपल्यालाही बारा लिहायची अक्कल का झाली नाही, या विचारानं त्याचे कान तापले. कासव मेल्याचं वाईट वाटणं त्यात कुठंच नव्हतं. इथं येईपर्यंत होतं.

त्यानं पेन उचललं. साहेबानं सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहिलं. सही तेवढी राहिली.

"कर की," थोरला म्हणाला. "उद्या पहाटे बोट काढायची आहे ना तुला?"

"करतो." धाकट्यानं पेनाचं टोक कागदावर टेकवून ठेवलं. "पण साहेबांसमोर एक सांग, दादा. तुझी ही सात. यातली चुकून किती?"

थोरल्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याच्या आतून कोणीतरी उठून गेलं होतं. साहेबानं घाईघाईनं फाईल ओढली.

"अहो, असलं काही विचारायचा रकाना नाही आमच्याकडे."

"नसू दे. तुम्ही नका विचारू, मी विचारतोय. दादा, माझ्याकडे बघ. किती?"