भिंगरीची कुबडी

"आजोबा, तुमचा एक पाय खोटा आहे ना?"

भिंगरीने विचारून टाकलं एकदाचं! दाराबाहेर तिच्या मैत्रिणी लांबोडी आणि चष्मिस एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज या दोघींनीच लावली होती.

मिस्त्री आजोबांचा पाना थांबला नाही. "कुठला?"

"अं?"

"चार महिने शेजारी बसतेस. तूच सांग, कुठला?"

भिंगरीने वाकून त्यांचे बूट पाहिले. डाव्याची टाच पार झिजलेली, उजव्याची बरीच धड. "उजवा."

"शाब्बास! आता त्या दोघींना आत बोलाव. फुकट तमाशा नाही म्हणावं, चाकं पुसायची आहेत."

दवाखान्याच्या मागची ही खोली म्हणजे कुबड्या, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्यांचं माहेरघर. मोडलेलं इथे यायचं, आजोबा ते दुरुस्त करायचे आणि गरजूंना वापरायला द्यायचे. भिंगरी इथे आली ती शाळेच्या नियमामुळे. खेळाचा तास करता येत नसेल तर साठ तास समाजसेवा. चारशे मीटरच्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर, अख्ख्या शाळेसमोर ती आपटली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी एका कुबडीवर आली.

साठ तास कधीच संपले होते. ती मात्र रोज यायचीच, तीही वेळेच्या दहा मिनिटं आधी.

आजोबांनी तिला कुबडी वाचायला शिकवलं होतं. कुबडीच्या टोकाला रबराची टोपी असते, तिच्या तळाला खाचा असतात. रोज चाललं की दोन महिन्यांत खाचा गुळगुळीत. एकदा एक गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, "रोज दोन किलोमीटर चालतो!" आजोबांनी त्यांची कुबडी उलटी केली आणि भिंगरीच्या कानात पुटपुटले, "सोफ्यावर."

भिंगरीला हसू आवरेना. खुद्द तिच्या कुबडीचं रबर आजोबांनी दोनच महिन्यांपूर्वी बदलून दिलं होतं.

घरी ती लालबुंद चेहऱ्याने, घामाघूम होऊन पोचायची. आईचा जीव तुटायचा. "बघा हो, काय हाल झालेत पोरीचे!" म्हणत ती गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवायची. बाबा म्हणायचे, "मी स्कूटरवरून सोडतो ना तुला!"

"नको बाबा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

डॉक्टर आणखीही एक म्हणाले होते, "कुबडी कधी सोडायची ते तुझं तू ठरव. भीती गेली की सोड."

आज शाळेत खेळाच्या बाईंनी तिला थांबवलं होतं. रविवारी निवड शर्यत. "तुझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय मी. उद्या सकाळपर्यंत सांग, नाहीतर यंदाचा संघ तुझ्याविना."

"बाई, गुडघा..." म्हणत भिंगरीने कुबडी पुढे केली होती.

आता ती चाक पुसत होती, पण एकच स्पोक पाचव्यांदा. तेवढ्यात एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते. कुबड्या परत करायच्या होत्या आणि मुलगी त्या सोडायला तयार नव्हती.

"दे गं राणी, पाय बरा झालाय तुझा," आई म्हणाली.

"नाही झाला!"

"डॉक्टरकाका म्हणाले ना?"

"त्यांना काय माहीत? त्यांचा पाय आहे का?"

लांबोडी फिस्सकन हसली. आजोबा मात्र गंभीर झाले. "मुद्दा बरोबर आहे. भिंगरी, बघ बाई तू. तुमच्यातलीच आहे ही."

भिंगरी तिच्यासमोर खाली बसली. "पडशील असं वाटतं?"

मुलीने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आणि कुबड्या दिल्या की मला कोणी उचलून घेणार नाही. दादा पाणी पण आणून देणार नाही."

भिंगरीचे कान लाल झाले.

"ताई, तू सोड आधी," मुलगी म्हणाली. "मग मी सोडते."

खोलीत सगळे थांबले. चष्मिसने चष्मा वर ढकलला. भिंगरी उठली, कुबडी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले. एक पाऊल. दुसरं. मुलीने एक कुबडी टाकली, मग दुसरी, आणि धडपडत येऊन भिंगरीच्या पोटाला घट्ट बिलगली. लांबोडीने अशी शिट्टी मारली की आजोबांचा पाना खाली पडला.

मायलेकी गेल्यावर भिंगरीने स्वतःची कुबडी आजोबांपुढे ठेवली. "ही पण जमा करा."

आजोबांनी सवयीने ती उलटी केली. रबराकडे पाहिलं. मग भिंगरीकडे पाहिलं. मग पुन्हा रबराकडे.

"हिला काही करावं लागणार नाही," ते म्हणाले, मिशीतल्या मिशीत हसले आणि कुबडी फळीवर ठेवून दिली.

संध्याकाळी भिंगरी रिकाम्या हातांनी घरात शिरली. आईने आधी हात पाहिले, मग पाय पाहिले आणि डोळ्यांना पदर लावला. बाबा चहा ओततच राहिले, कप भरून बशीत सांडेपर्यंत.

"आई, बाबा, मी ठरवलंय. बाईंना आत्ताच फोन करते. रविवारी मी धावणार."

"अगं, वेड लागलंय का?" आई म्हणाली. "आज कुठे कुबडी सुटली! निदान दोन महिने सराव नको का?"

"झालाय ना," भिंगरी म्हणाली. "दोन महिने आजोबांकडे रोज कुबडी काखोटीला मारून धावतच जात होते."