कडब्याचे हंस

तांबडं फुटायच्या आत विजयमालाच्या आबांनी अठरा हंस हरभऱ्यात मांडले. पोत्यात कडबा कोंबून केलेलं अंग, बाभळीच्या काटकीला चिंध्या गुंडाळून केलेली मान. चुन्यानं रंगवलेल्या डोक्यांवर काजळाचे दोन-दोन पट्टे विजयमालानं ओढले होते. परकर नेसायची तेव्हापासून ते काम तिचंच. आता ती सासरहून चार दिवसांसाठी आली होती, तरी पट्ट्यांसाठी आबा तिची वाट बघत थांबले होते.

"माना खाली वाकीव, माले. चरत्यात असं दिसाय पायजे. वर मान एकाचीच, राखणदाराची. समद्यांनी माना वर केल्या की वरनं उडणाऱ्या हंसास्नी कळतंय, हितं काळ हाय."

"आन् मधी का मोकळं सोडलंय?"

"येणाऱ्याला उतराय जागा नगं व्हय?"

आबा बंदूक घेऊन बांधाआडच्या खड्ड्याकडं वळले. विजयमाला मागं राहिली. परवाचा हंस सोलताना हाताला लागलेली ऊब अजून गेली नव्हती. तिनं सात माना हळूच वर केल्या.

वडूजकडच्या तळ्यावरून थवा आला. दोन घिरट्या घातल्या आणि ओरडत लांब निघून गेला.

आबांनी काडतुसं काढून खिशात टाकली. "माझ्या हातातलं गेलं गं," ते हसून म्हणाले. "पलटणीतल्या सायबानं शिकीवलं, तीस वर्सं चाललं. आता पाखरंबी फसंनात."

हंसांकडं वळूनही न बघता, ते तसेच रानात सोडून, घरापर्यंत ते आपलेच हात उलटेपालटे करून बघत चालले होते. तिच्या ओठांवर आलं होतं. संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं.

दुपारी जेवून आडवे झालेले आबा उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी उजाडताना ती हंस गोळा करायला आली. तिनं वर केलेल्या सात माना तशाच होत्या. तिनं एकेक खाली वाकवली, राखणदाराची तेवढी ठेवली. मग हंस उचलायचे सोडून खड्ड्यात जाऊन बसली.

थवा आला. एकच घिरटी घालून मधल्या मोकळ्या जागेत उतरला आणि चरू लागला.

"आबा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या हातातलं गेलं न्हवतं. माना मी वर केल्या हुत्या."

हरभऱ्यात चरणाऱ्या सगळ्या हंसांनी माना वर केल्या.