बुरशी लागलेली लेन्स

"मागून टॉर्च मारा काका. जरा तिरपा," वंदना म्हणाली.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या राधेश्यामकाकांनी डबीवरची चिकटपट्टी नखानं सोलली आणि पन्नास एमएमची जुनी लेन्स बाहेर काढली. वंदनानं मान फिरवली. दीड वर्षात तिनं ती डबी उघडली नव्हती. उघडायचीच नाही, असं नवऱ्यानं, सोमेश्वरनं, बजावलं होतं. बुरशी उडते, दुसऱ्या लेन्सलाही लागते.

राग होता तो स्वतःवरच. बाळंतपणातून उठल्यावर पोरीची दमट दुपटी तिनंच कपाटात कोंबली होती, कॅमेऱ्याच्या बॅगेवर. "तुझ्या दुपट्यांनी लेन्स खाल्ली," एवढंच सोमेश्वर म्हणाला होता.

जाफराबादेत दोघांचा फोटो स्टुडिओ. मांडव, स्टेज, वरात त्याची. पण नवरीला हळद लागते ती आतल्या खोलीत, बायाबायांत. तिथं पुरुष शिरला की पदर पुढं येतात अन् हसू आत जातं. वंदना गेली की तसं होत नसे. अंधाऱ्या खोलीत, फ्लॅश न मारता, चेहरा उजळायचा तो ह्याच लेन्सनं. लेन्स गेली तशा तिनं हळदीच्या ऑर्डरी सोडल्या.

येत्या शनिवारी हसनाबादला हळद होती. नवरीच्या आईनं तीनदा फोन केला. "तू येणार नसशील तर फोटूच नको बाई आम्हाला." म्हणून ती हट्टानं जालन्याला आली. एकदा जाणत्या माणसाला दाखवायचंच. सोमेश्वर रस्ताभर धुसफुसला. "तो राधेश्याम मेलेल्या लेन्सलाबी चांगलंच म्हणतो." आणि पोरीला घेऊन जिन्याखालीच थांबला.

काकांनी रिंग फिरवली. आतली पाती उघडझाप करून पाहिली. टॉर्च दोन्ही बाजूंनी मारला.

"धुळीचे दोन कण हायेत. बाकी बिलकुल साफ."

"अन् बुरशी?"

"कुठली बुरशी?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कडेचा टवका ओळखीचा हाये माझ्या. सोमेश्वरभाऊंनी दाखवायला आणल्ती, तुमची लेक झाली त्या साली. तवाच सांगितल्तं म्या, लेन्स एक नंबर हाये, वैनींना म्हणा लागा कामाला."

वंदनानं लेन्स हिसकावल्यासारखी घेतली आणि खिडकीशी धरली. काच पाण्यासारखी नितळ होती. दीड वर्षं तिनं त्या दुपट्यांचा राग राग केला होता. एकदा तर पोरीलाही दुपट्यासकट आदळल्यासारखं खाली ठेवलं होतं.

"पाती पुरती उघडून एक चेहरा घेऊन बघा. तेवढाच साफ येईल, मागचं सारं पुसट. मंग खात्री पटंल," काका म्हणाले.

तिनं लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि जिना उतरली.

"काय म्हणला म्हातारा? गेली नं?"

"तुम्हाला काय म्हणल्ता?"

सोमेश्वरनं पोरीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "अगं, जो तो यायचा अन् वैनी हायेत का विचारायचा. स्टुडिओ माझा, अन् मी काय नुसत्या बॅगाच उचलायच्या का?"

"म्हणून माझ्या लेकराच्या दुपट्यावर ढकललं?"

"हळू बोल. लोक बघून राह्यले."

"बघू द्या. शनिवारी हळद मी काढणार. आता हलू नका."

या लेन्सला झूम नसतो; जवळ जायचं तर पाय उचलावा लागतो. ती दोन पावलं पुढं झाली. तो मागं सरला, तर मागं भिंत होती. पोरगी आईला बघून पुढं झेपावली, आणि वंदनानं बटण दाबलं.

तिनं स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. लेकीची पापणी न् पापणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. तिला कडेवर घेतलेला माणूस मात्र ओळखूच येत नव्हता.