बूट काढल्यावर

विल्फ्रेडचा नवाकोरा मेटल डिटेक्टर इंग्लंडमधल्या नॉरफकच्या एका नांगरलेल्या शेतात पावलागणिक वाजत होता. खणलं, की नुसती माती.

"लोखंडी टोकाचे बूट घालून आलास ना, वेंधळ्या?" खजिना शोधण्यातला त्याचा जोडीदार बेसिल खिदळला.

जळतोय मेला, विल्फ्रेडला वाटलं. यानंच यंत्रात काहीतरी करून ठेवलं असणार. तरी बूट काढून, बांधावर ठेवून तो अनवाणी चालला. आवाज पावलागणिक होताच.

"बंद कर ते," बेसिल म्हणाला. आता तो हसत नव्हता.

विल्फ्रेड जागीच थांबला. हलवला नाही, तर डिटेक्टर गप्प बसतो. हा मात्र वाजत राहिला. आवाज हळूहळू बारीक होत गेला, जणू मातीखालून काहीतरी दूर चाललं होतं, मग थबकला, आणि पावलापावलानं परत मोठा होऊ लागला.

मग त्याच्या तळव्यांखालची माती किंचित वर उचलली गेली.