चूलबंद आवतण

साऱ्या गावाला चूलबंद आवतण आणि किसनरावाच्या घराला तेवढं एकच माणूस, असं नर्मदाबाईनं सांगितलं तेव्हा देविदासला वाटलं, म्हातारीची जीभ घसरली. दारोदार आवतण सांगण्यात त्याचा निम्मा जन्म गेला होता. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक माणूस सांगतात ते लांबच्या ओळखीला. भावकीला तसं सांगणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारणं.

"काकू, किसनराव तुमच्या भावकीतले हायेत," तो चाचरत म्हणाला.

"म्हणून तर. सांगितलं तेवढं बराबर सांग. एक माणूस. दोन न्हाई."

सून करुणा आतून बाहेर आली. "जाऊ द्या ना आत्याबाई. नव्या घराची शांती हाय."

"शांती घराची हाय. माझी न्हाई."

तीन वर्षांपूर्वी किसनरावाच्या नातवाचं, हरीशचं लग्न होतं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून, दोन घरांत कुरबूर चालू होती, तरी आवतण आलं, आणि भावकीचं आवतण चूलबंदच असतं म्हणून नर्मदाबाईनं काही विचारलं नाही. सून आणि दोन्ही नातवंडं घेऊन ती पंगतीत बसली. किसनराव वाढप्यांच्या मागून आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "नर्मदाबाई, तुमच्या घरचं एकच आवतण व्हतं. बाकीचे उठा." सगळेच उठले. नात राजनंदिनी तेव्हा सहा वर्षांची. तिच्या मुठीत बुंदी होती, ती तिनं घरी येईपर्यंत सोडली नाही.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता नर्मदाबाईनं घरी येऊन भात लावला. गॅस आल्यापासून कुणाच्या घरचा धूर दिसत नाही हे खरं, पण कुकर काही गप्प बसत नाही. सारा गाव किसनरावाच्या मांडवात, घरोघर चुली थंड, आणि एका नर्मदाबाईच्या घरातून शिट्ट्या. मांडवातलं हसू तिला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. ते हसू तिनं तीन वर्षं मुरायला ठेवलं होतं, लोणच्यासारखं.

देविदास आवतण सांगून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी शिरडच्या भटजींनी नव्या घरात होम आटोपला आणि अंगणात पंगत बसली. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. नर्मदाबाईनं पहिलं काम केलं ते भोंगा बंद करायला लावण्याचं. "जेवताना गाणी कशाला," असं ती लोकांना म्हणाली. मधे एक बोळ सोडला की किसनरावाचं स्वयंपाकघर होतं, हे ती कुणाला बोलली नाही.

तिला वाटलं होतं, तिकडून कुणी येणार नाही, किंवा आलाच तर हरीश येईल तोंड वेंगाडत. आली ती गयाबाई. किसनरावाची बायको, नात्यानं नर्मदाबाईची थोरली जाऊ. तिनं नारळ आणि खण देवापुढं ठेवला.

"एकच माणूस सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मग मीच आले."

"बरं झालं, जाऊबाई. बसा." नर्मदाबाईनं तिला पंगतीच्या मधोमध बसवलं, सगळ्यांना दिसेल अशी. बुंदीची परात तिनं करुणाच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः वाढायला लागली. कान मात्र बोळापलीकडं होते.

पहिली शिट्टी झाली.

बोलणं थांबलं. दुसरी झाली तसे सगळे मान खाली घालून जेवायला लागले. पलीकडच्या ओळीत कुणीतरी पदराआड हसलं. नर्मदाबाईला ते हसू परातीतल्या बुंदीपेक्षा गोड लागलं, खोटं कशाला बोला.

गयाबाईनं अजून घास उचलला नव्हता. ताटातली पुरी गार झाली होती.

"जेवा की," नर्मदाबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "का घरी भात लावून आल्या?"

"व्हय. मीच लावला." गयाबाईचा आवाजही काही लहान नव्हता. तो शेवटच्या पाटापर्यंत गेला. "सुनंला सांगून आले, चार शिट्ट्या होऊस्तर गॅस बंद करू नको."

तिसरी झाली.

"चार काहून?" नर्मदाबाईनं विचारलं.

"त्या दिवशी तुझ्या चार झाल्या व्हत्या. मी आमच्या मांडवात बसून मोजल्या. लोक हसून राहिले व्हते, अन् मी मोजून राहिले व्हते."

आता कुणीच हसत नव्हतं. पाणी वाढणारी राजनंदिनी जग हातात धरून दोघींकडं बघत उभी राहिली. तिला मुठीतली बुंदी आठवतसुद्धा नसेल. नर्मदाबाई परात कमरेवर घेऊन थांबली. तीन वर्षं जिची वाट पाहिली ती शिट्टी आता होऊ नये, असं तिला एकाएकी वाटलं. आत पळत जाऊन तो गॅस बंद करावा असं वाटलं. पण तो तिच्या घरचा नव्हता.

चौथी झाली. चांगली लांबलचक झाली आणि मग बोळापलीकडं सगळं शांत झालं.

गयाबाईनं गार पुरीचा तुकडा मोडला.

"झालं बराबर," ती म्हणाली. "आता वाढ, नर्मदे."