बिरप्पाचा सूड

चौऱ्याहत्तर साली पूर्वेकडच्या डोंगरात बंडखोरांनी शिपाई बिरप्पाला गोळी घातली. तार त्याच्या गावी, कुंभारीला आली, तेव्हा त्याच्या बायकोनं, राजाबाईनं, पायातल्या वहाणा काढून भिरकावून दिल्या. "मारेकरी जिता हाय तवर अनवानीच ऱ्हाईन," म्हणाली. तिच्या त्या बोलण्यानं पेटूनच तिचा धाकटा दीर धुळा भावाच्या पलटणीत भरती झाला.

तीन वर्षांनी तो रजेवर आला. राजाबाईनं त्याला दारातच गाठलं.

"गावला का त्यो, भावजी?"

"गावला, वैनी. टोळीचा म्होरक्याच हुता त्यो. मीच मारला. त्याला भाकरी देनारं गावबी आमी पेटवलं."

राजाबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तिनं कळपातलं सगळ्यात दांडगं बोकड कापायला लावलं, सोलापुरातून नव्या वहाणा मागवल्या आणि धुळाला समोर बसवून पोटभर वाढलं.

"आता बास झालं. नोकरी सोडा, घरी ऱ्हावा. टोळी संपली की."

धुळानं ताट बाजूला सारलं.

"कुटं संपली? त्या म्होरक्याच्या बायकूनं बंदूक उचलली. जळक्या गावातली समदी तरनी मानसं तिच्या मागं ग्येली."

"मग तिला कशापायी सोडली?" राजाबाई कडाडली. "तिलाबी मारायची हुती!"

 

"मारली की, वैनी. आता टोळी तिची लेक चालवतीया."